एजंटला टूल समजावून सांगताना

एआय एजंट बनवणाऱ्या टीममध्ये एक दृश्य नेहमीचं झालं आहे. सिस्टिम प्रॉम्प्टवर आठवडेच्या आठवडे खल होतो, मॉडेल कुठलं घ्यायचं यावर मीटिंगा झडतात, आणि टूलचं वर्णन मात्र कोणीतरी जाता जाता एका ओळीत खरडून मोकळा होतो. मग एजंट नको ते टूल उचलतो, किंवा टूल बरोबर उचलून त्याला माहिती चुकीची पुरवतो, किंवा सगळं नीट झाल्यावर आलेल्या उत्तराचा भलताच अर्थ लावतो. खापर फुटतं मॉडेलवर. माझं मत विचाराल तर यातल्या बऱ्याचशा चुका मॉडेलच्या नसतात, त्या खरडलेल्या ओळीच्या असतात. ती ओळ नीट कशी लिहायची, एवढाच या लेखाचा विषय.

आधी आतलं यंत्र कसं चालतं ते पक्कं ध्यानात घ्या. मॉडेल स्वतः टूल चालवत नाही. प्रश्नासोबत तुम्ही त्याच्याकडे टूलची यादी पाठवता: प्रत्येकाचं नाव, साध्या भाषेतलं वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात लागते ते सांगणारा जेसन स्कीमा. मॉडेल हा सगळा मजकूर वाचतं आणि ‘अमुक टूल, अमुक माहिती घालून चालवा’ एवढं लिहून देतं. चालवतो तो तुमचा प्रोग्रॅम. आलेलं उत्तर पुन्हा मजकूर होऊन मॉडेलपुढे जातं आणि ते पुढचं ठरवतं. ओपनएआयने जून २०२३ मध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ या नावाने ही सोय आपल्या एपीआयमध्ये आणली. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला आणि एकाने लिहिलेलं टूल दुसऱ्याच्या एजंटला जोडणं सोपं झालं. गाडी पुढे गेली, पण नाव, वर्णन आणि स्कीमा ही तीन चाकं तीच राहिली.

याचा अर्थ असा की तुमचा कोड मॉडेलला दिसत नाही. डेटाबेसचे कॉलम, कोडमधल्या कॉमेंटी, टीमच्या ग्रुपवर कधीतरी ठरलेलं ‘हा आकडा क्विंटलचाच धरायचा’ हे काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ओपनएआयच्या मार्गदर्शिकेत एक सोपी कसोटी दिली आहे: मॉडेलला जेवढं दिलंत तेवढंच एखाद्या इंटर्नच्या हातात दिलं तर त्याला ते फंक्शन बरोबर वापरता येईल का? त्याला जे प्रश्न पडतील त्यांची उत्तरं वर्णनात लिहा. मी त्यात एकच भर घालेन. इंटर्न अडला तर उठून शेजारच्या टेबलाशी जाऊन विचारतो. मॉडेल बहुतेक वेळा विचारत बसत नाही. मोकळी जागा स्वतःच्या अंदाजाने भरून पुढे जातं, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

कांद्याचा भाव विचारणारं टूल

नुसत्या उपदेशाने काही हाती लागत नाही, म्हणून एकच उदाहरण घेऊन त्याच्या खोलात जाऊ. समजा, शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं देणारा एजंट तुम्ही बनवताय आणि त्याला बाजार समित्यांमधले भाव काढून देणारं टूल जोडायचंय. पहिल्या झटक्यात साधारण असं लिहिलं जातं:

नाव: गेट_प्राइस
वर्णन: शेतमालाचा भाव देते.
माहिती: शेतमाल (स्ट्रिंग), बाजार (स्ट्रिंग), तारीख (स्ट्रिंग)

(प्रत्यक्षात टूलची नावं रोमन अक्षरांत द्यावी लागतात; ओपनएआय आणि अँथ्रॉपिकचे एपीआय नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर आणि हायफन एवढंच चालवून घेतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिलं आहे.)

लिहिणाऱ्याला हे पुरेसं वाटतं, कारण बाकीचं सगळं त्याच्या डोक्यात असतं. आता महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचा रोजचा बाजारभावाचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. त्यात एका शेतमालापुढे एक आकडा नसतो. बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर अशी एकेक ओळ असते. कांद्याच्या लाल, उन्हाळी, पांढरा अशा वेगळ्या ओळी येतात. लासलगावची मुख्य नोंद वेगळी, लासलगाव-विंचूरची वेगळी, लासलगाव-निफाडची वेगळी. शेतकरी विचारतो, ‘लासलगावला कांदा काय चाललाय?’ या पाच शब्दांच्याही आतल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर एजंटला ठरवावं लागतं की कुठली नोंद, कुठली जात, तीन दरांतला कुठला दर, आणि तो कोणत्या परिमाणाचा. ‘शेतमालाचा भाव देते’ यात यातल्या एकाचंही उत्तर नाही.

आता हेच वर्णन जरा जबाबदारीने लिहू:

नाव: बाजारसमिती_दर_शोधा
वर्णन: महाराष्ट्रातल्या एका बाजार समितीत एका दिवशी झालेल्या व्यवहारांचे घाऊक दर देते. ‘भाव काय चाललाय’, ‘मार्केट काय निघालं’, ‘रेट काय भेटला’ अशा प्रश्नांसाठी वापरा. हमीभाव, किरकोळ दुकानातला दर किंवा पुढच्या दिवसांचा अंदाज यांसाठी वापरू नका. हमीभावासाठी ‘हमीभाव_शोधा’ हे टूल आहे. एका शेतमालाच्या अनेक जातींच्या ओळी येऊ शकतात. त्यांची सरासरी काढू नका, जातीच्या नावासह वेगवेगळ्या सांगा. एकच दर सांगायचा असेल तर ‘सर्वसाधारण दर’ सांगा. दर कोणत्या परिमाणाचा आहे ते प्रत्येक ओळीत दिलेलं असतं: बहुतेक वेळा क्विंटल, पालेभाज्यांना काही ठिकाणी नग. किलोचा दर विचारला तर क्विंटलच्या दराला १०० ने भागा. परिमाण नग असेल तर किलोचा दर काढू नका. मागितलेल्या दिवसाची नोंद नसेल तर टूल शेवटच्या नोंदीची तारीख कळवते. दर सांगताना ती तारीख सांगा.

लांबलं, कबूल. अँथ्रॉपिकच्या डॉक्युमेंटेशनमध्येही प्रत्येक टूलला निदान तीन-चार वाक्यं द्या, गुंतागुंतीचं असेल तर जास्त, असंच सुचवलं आहे. पण लांबी हे ध्येय नव्हे. वरच्या वर्णनातलं कुठलंही वाक्य काढून पाहा आणि कोणती चूक परत दार उघडून आत येते ते बघा. परिमाणाचं वाक्य काढलं की १८०० रुपये क्विंटल हा दर एखाद्या दिवशी ‘१८०० रुपये किलो’ म्हणून शेतकऱ्याच्या फोनवर जाऊन धडकेल. कांद्याच्या बाबतीत तो हसून सोडून देईल. पण ज्या मालाचे दर त्याच्या सवयीचे नाहीत त्यात अशी गफलत झाली तर ती चटकन लक्षातही येणार नाही. सरासरीचं वाक्य काढलं की मॉडेल लाल आणि उन्हाळी कांद्याचं मिळून बाजारात कुठेच नसलेलं एक भाववाचक कडबोळं तयार करेल. ज्या वाक्याने असं काही बिघडत नाही, ते वाक्य खुशाल काढा.

काढायलाच हवीत अशी काही वाक्यं मात्र सगळीकडे दिसतात. ‘हे एक शक्तिशाली आणि सर्वसमावेशक टूल आहे’ हे माहितीपत्रकात ठीक आहे. मॉडेलला त्यातून टूल कधी वापरायचं हे कळत नाही. ‘नेहमी हेच टूल आधी वापरा, अत्यंत महत्त्वाचे’ असं ओरडून लिहिलं की ‘राम राम’ म्हटल्यावरही एजंट कांद्याचे भाव काढायला धावतो. आवाज चढवण्यापेक्षा हद्द आखून द्या: कधी वापरायचं, कधी नाही, आणि नसेल तेव्हा कुठे जायचं.

शेजारी-शेजारी उभी असलेली टूल

हद्दीचा प्रश्न खरा पेटतो तो दोन टूल एकमेकांना खेटून उभी असतात तेव्हा. ‘सोयाबीनचा भाव काय?’ या प्रश्नाची दोन प्रामाणिक उत्तरं असू शकतात. एक, आज लातूरच्या बाजारात काय निघालं. दुसरं, केंद्र सरकारने जाहीर केलेला हमीभाव, जो २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ५,३२८ रुपये होता. दोन्ही टूलच्या वर्णनांत नुसतं ‘भाव देते’ असेल तर मॉडेल नाणेफेक केल्यासारखं कुठलंतरी एक उचलणार. म्हणून जोडीतल्या दोन्ही टूलच्या वर्णनांत एकमेकांचा उल्लेख हवा. हमीभावाच्या टूलमध्ये आणखी एक गोष्ट लिहा: कांदा, टोमॅटो, बटाटा यांना केंद्राचा हमीभाव नाही आणि उसाचा एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, या टूलमध्ये मिळत नाही. हे लिहिलं नाही तर कांद्याच्या हमीभावाबद्दल विचारणाऱ्याला एजंट रिकामं उत्तर बघून ‘माहिती उपलब्ध नाही’ असं सांगेल. खरं उत्तर ‘असा भावच नाही’ हे आहे, आणि शेतकऱ्याच्या लेखी या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टूल मुळात किती असावीत? हाताशी एपीआय आहे म्हणून त्याच्या प्रत्येक एंडपॉइंटचं एकेक टूल करून टाकण्याचा मोह होतो. बाजार समित्यांची यादी देणारं एक, शेतमालाचा कोड देणारं दुसरं, जातीचा कोड देणारं तिसरं आणि दर देणारं चौथं. प्रोग्रॅमरला ही मांडणी स्वच्छ वाटते, पण एजंटला एका साध्या प्रश्नासाठी चार दारं ठोठावावी लागतात आणि प्रत्येक दाराशी चुकायची संधी मिळते. कोड जुळवण्याचं काम टूलच्या आत करा आणि बाहेर एकच टूल दाखवा. अँथ्रॉपिकच्या इंजिनिअरांनी सप्टेंबर २०२५ च्या लेखात हेच कॅलेंडरच्या उदाहरणाने सांगितलं: लोकांची यादी, कार्यक्रमांची यादी आणि कार्यक्रम तयार करणं अशी तीन टूल देण्यापेक्षा मोकळी वेळ शोधून बैठक ठरवणारं एकच टूल द्या. ओपनएआय एका वेळी वीसपेक्षा कमी फंक्शन ठेवायला सुचवतं. हा काही दगडावरचा आकडा नाही, पण तुमची यादी पन्नाशीला पोहोचली असेल तर वर्णनं घासण्याआधी यादी छाटा.

पॅरामीटर: खेड म्हणजे कुठलं खेड?

पॅरामीटरच्या वर्णनांकडे तर कोणीच पाहत नाही. वरच्या पहिल्या नमुन्यात ‘बाजार (स्ट्रिंग)’ असं लिहून विषय संपवला आहे. महाराष्ट्रात खेड पुणे जिल्ह्यात आहे तसं रत्नागिरीतही आहे. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरातही. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशीममध्ये. शिवाय २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, आणि पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या नोंदींत जुनी नावं, नव्यांत नवी, आणि लोकांच्या तोंडी दोन्ही. इथे पॅरामीटरचं नाव ‘बाजार’ न ठेवता ‘बाजारसमिती_नाव’ ठेवा, सोबत ‘जिल्हा’ हा वेगळा पॅरामीटर द्या आणि वर्णनात लिहा की खेड, कर्जत, आष्टी, मालेगाव अशी एकाहून जास्त ठिकाणी असलेली नावं आली तर जिल्हा दिल्याशिवाय टूल चालवू नका, वापरणाऱ्याला विचारा. ‘विचारा’ हे एक क्रियापद लिहिलेलं नसतं म्हणून किती एजंट अंदाज ठोकत बसतात!

मोजकेच पर्याय असतील तर ते स्कीमामध्ये यादी म्हणून, म्हणजे एनम करून, देऊन टाका. महाराष्ट्रातले जिल्हे ३६ आहेत. तेवढे एनममध्ये आरामात बसतात आणि मॉडेलला स्वतःचं स्पेलिंग शोधून काढायला वाव राहत नाही. बाजार समित्या मात्र तीनशेच्या वर आहेत. ती सगळी यादी स्कीमात कोंबली तर ती प्रत्येक विनंतीसोबत जाते आणि टोकनचं बिल वाढवते. त्यापेक्षा नाव मोकळं स्वीकारा आणि जुळवाजुळव टूलच्या आत करा.

तारखेबद्दल दोन गोष्टी. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. तेव्हा ‘वर्ष-महिना-दिवस, उदाहरणार्थ २०२५-११-०७’ असं उदाहरणासह लिहा. आणि मॉडेलला आजची तारीख आपोआप कळत नसते. ‘कालचा भाव’ हवा असेल तर आजची तारीख सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये द्या, नाहीतर टूलमध्येच ‘आज’ आणि ‘काल’ हे शब्द चालू द्या. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्यात मॉडेलला हिशेबच करावा लागत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये ओपनएआयने स्कीमा तंतोतंत पाळला जाईल अशी ‘स्ट्रिक्ट’ सोय आणली. ती जरूर वापरा, पण तिच्यावर विसंबून वर्णन आखडतं घेऊ नका. स्कीमा आकार तपासतो, अर्थ नाही. पिंपळगाव बसवंतच्या जागी लासलगाव घातलं तरी स्कीमाच्या दृष्टीने सगळं ठीकच असतं.

या बाबतीतल्या दोन प्रत्यक्ष घटना अँथ्रॉपिकनेच सांगितल्या आहेत. कोडमधल्या चुका दुरुस्त करणारा एजंट बनवताना त्यांचा जास्त वेळ मुख्य प्रॉम्प्टपेक्षा टूल सुधारण्यात गेला, असं त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लिहिलं. एजंट मूळ फोल्डरमधून दुसरीकडे गेला की फाइलचे सापेक्ष पत्ते चुकवायचा. त्यांनी समजावत बसण्याऐवजी टूलला पूर्ण पत्ता देणं सक्तीचं केलं आणि चूक थांबली. दुसरी घटना त्यांच्या क्लॉड या मॉडेलच्या वेब सर्चची: मॉडेल शोधाच्या शब्दांना विनाकारण ‘२०२५’ जोडत होतं आणि त्यामुळे निकाल एका बाजूला झुकत होते. तिथे उपाय होता टूलचं वर्णन सुधारणं. पहिल्या घटनेतला उपाय मला जास्त शिकवणारा वाटतो. चूक करणंच अशक्य होईल असा पॅरामीटर आखता येत असेल तर ‘अशी चूक करू नका’ हे वाक्य लिहूच नका.

टूल काय परत देतं

वर्णन लिहिताना टूलच्या उत्तराचाही विचार करा, कारण मॉडेल तेही वाचतं. ‘पी१: १२००, पी२: २१००, पी३: १८००’ असं उत्तर आलं तर मॉडेल तीन आकड्यांकडे बघत राहील. ‘सर्वसाधारण_दर_रुपये: १८००, परिमाण: क्विंटल, जात: उन्हाळी, तारीख: २०२५-११-०७’ असं आलं तर अर्ध्या सूचना वर्णनातून काढून टाकता येतात. अंतर्गत कोड, लांबलचक आयडी, रेकॉर्ड कधी अपडेट झालं याचा मिलिसेकंदापर्यंतचा ठसा, हे सगळं मॉडेलच्या काय कामाचं? अँथ्रॉपिकच्या उदाहरणात स्लॅकवरच्या एका संभाषणाचं तपशीलवार उत्तर २०६ टोकनचं होतं, संक्षिप्त उत्तर ७२ टोकनमध्ये बसलं. एजंट दिवसभरात हजारदा टूल चालवत असेल तर हा फरक बिलात दिसतो, आणि काँटेक्स्टमध्ये कचरा कमी झाल्याने उत्तरांतही दिसतो.

सर्वांत धोक्याचं उत्तर म्हणजे शून्य. सुट्टीमुळे लिलाव झाला नाही, नोंद अजून आलेली नाही, त्या समितीत तो माल येतच नाही, आणि नावच चुकलं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बरेच एपीआय या चारहींसाठी एकच रिकामी यादी किंवा शून्य परत करतात. मग एजंट भाबडेपणाने सांगतो, ‘आज लासलगावला कांद्याचा भाव ० रुपये आहे.’ ऐन हंगामात भाव पडलेला असताना शेतकऱ्याला असं वाक्य पाठवणं हा विनोद नव्हे. चारही स्थिती शब्दांत वेगळ्या सांगा.

एररचा मजकूर हाही वर्णनाचाच भाग धरा. ‘एरर ४०४’ वाचून मॉडेल तेच टूल तसंच पुन्हा चालवत राहतं. ‘लासलगाव मार्केट यार्ड नावाची नोंद नाही. जवळची नावं: लासलगाव, लासलगाव-विंचूर, लासलगाव-निफाड. कुठलं हवं ते वापरणाऱ्याला विचारून पुन्हा चालवा’ असं लिहिलंत तर पुढचं पाऊल त्यातच मिळतं. असा मजकूर लिहायला फार तर दहा मिनिटं लागतात, आणि तरीही तो टाळला जातो.

जी टूल काहीतरी बदलतात

आतापर्यंतचं टूल फक्त वाचत होतं. एसएमएस पाठवणारं, पैसे वळते करणारं, नोंद पुसणारं टूल वेगळ्या जातीचं. त्याच्या वर्णनात परिणाम स्पष्ट लिहा: ‘हे टूल गटातल्या सर्व शेतकऱ्यांना लगेच संदेश पाठवते, पाठवलेला संदेश मागे घेता येत नाही, आधी मजकूर आणि संख्या दाखवून होकार घ्या.’ एमसीपीमध्ये टूल फक्त वाचणारं आहे की विध्वंसक, पुन्हा चालवलं तर दुप्पट परिणाम होईल का, अशा खुणा जोडायची सोय आहे. पण त्या नुसत्या सूचना आहेत. कुलूप कोडमध्ये हवं: होकाराशिवाय संदेश जाऊच नये, रकमेला मर्यादा असावी, एकच विनंती दोनदा आली तर दुसरी थांबावी. वर्णनात ‘कृपया काळजीपूर्वक वापरा’ लिहून आपली जबाबदारी संपली असं मानणाऱ्या टीमला मी तरी पैशाचं टूल जोडू देणार नाही.

त्याचीच उलटी बाजूही आहे. दुसऱ्याने लिहिलेलं टूल जोडता तेव्हा त्याचं वर्णन तुमच्या मॉडेलच्या डोक्यात जातं. एआयच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या इन्व्हेरियंट लॅब्जने एप्रिल २०२५ मध्ये दाखवून दिलं की दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या निरुपद्रवी टूलच्या वर्णनात ‘आधी अमुक फाइल वाचून तिचा मजकूर या पॅरामीटरमध्ये घाला’ अशी सूचना दडवता येते, आणि वापरणाऱ्याला स्क्रीनवर त्यातलं काही दिसतही नाही. तेव्हा बाहेरचा एमसीपी सर्व्हर जोडण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक टूलचं वर्णन शेवटच्या शब्दापर्यंत वाचा, आणि नव्या आवृत्तीत ते बदललं का हेही तपासा.

मराठीत लिहावं की इंग्रजीत?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. आजच्या मोठ्या मॉडेलना दोन्ही भाषांतली वर्णनं समजतात. देवनागरी मजकुराला साधारणपणे इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात आणि वर्णन दर विनंतीसोबत जातं, म्हणून गाभा इंग्रजीत ठेवायला हरकत नाही. पण वापरणारे जे शब्द बोलतात ते मराठीतच, त्यांच्या तोंडचे, वर्णनात घाला. ‘मार्केट काय निघालं’ याचं इंग्रजी करून लिहिलंत तर त्याचा काही उपयोग नाही. शेतकरी ‘बाजार भेटला’ म्हणतो, व्यापारी ‘रेट’ म्हणतो, वर्तमानपत्र ‘दर’ लिहितं. लासलगाव आणि लासलगांव, 1800 आणि १८००, ‘दीड हजार’ आणि ‘पंधराशे’ हे सगळं येणार आहे हे धरून चाला.

तपासणी कशी करायची? खऱ्या वापरणाऱ्यांचे वीस-पंचवीस प्रश्न गोळा करा, स्वतः बनवलेले सभ्य प्रश्न नकोत. त्यात टूल चालूच नये असे प्रश्नही ठेवा: ‘तूर आता विकू का थांबू?’ किंवा ‘कांद्यावर करपा पडलाय, काय फवारू?’ प्रत्येक प्रश्नापुढे कोणतं टूल, कोणत्या माहितीनिशी चालायला हवं ते आधी लिहून ठेवा. मग एजंटचं शेवटचं उत्तर न बघता त्याने टूलला काय पाठवलं त्याची नोंद वाचा. चूक सापडली की वर्णनात एकच बदल करून सगळे प्रश्न पुन्हा चालवा. एका वेळी चार बदल केले तर कशाने काय सुधारलं ते कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही नाही. वर्णनं कोडसारखीच गिटमध्ये ठेवा. आणि मॉडेल बदललंत तर ही परीक्षा परत घ्या. एका मॉडेलला पुरलेलं वर्णन दुसऱ्याला पुरेलच असं नाही. वर्णन मॉडेललाच वाचायला देऊन ‘यात तुला काय संदिग्ध वाटतं?’ असं विचारून पाहा, बऱ्याचदा कामाची उत्तरं मिळतात.

एक मात्र मॉडेल तुम्हाला सांगू शकणार नाही. मेथीची नोंद नगावर असेल तर तो दर एका जुडीचा की शेकड्याचा, आवक आदल्या दिवशीची की आजची, अमुक समितीचा ‘कमाल दर’ एखाद्या गोणीला मिळालेला विक्रमी दर असतो की नेहमीचा, हे अडत्याला माहीत असतं, समितीच्या कार्यालयात नोंदी करणाऱ्याला माहीत असतं, आणि पुण्यातल्या ऑफिसात बसलेल्या प्रोग्रॅमरला सहसा माहीत नसतं. तुमचा एजंट बँकेसाठी असेल तर ही जागा शाखेत काउंटरवर बसणाऱ्याची, रुग्णालयासाठी असेल तर वॉर्डातल्या सिस्टरची. टूलचं वर्णन लिहायला बसाल तेव्हा अशा एका माणसाला शेजारी बसवा, त्याला वर्णन मोठ्याने वाचून दाखवा, आणि तो ‘असं नसतं हो’ म्हणेल तिथे थांबून लिहून घ्या.